आन्नेत्ता जहाजावरचा सातवा

देल्फिना राझेतो हिने कालारोस्साच्या वरच्या चर्चच्या किल्ल्या चौतीस वर्षे सांभाळल्या. सकाळी साडेसातला ती मोठा दरवाजा उघडत असे, फरशी झाडत असे, मेणबत्त्यांचे ओघळ खरवडून काढत असे आणि मग उजव्या भिंतीवरच्या नवसाच्या चित्रांवरून मऊ फडके फिरवत असे. चित्रे एकशे एकाहत्तर होती. एकशे सत्तर चित्रांवरून फडके सारख्याच वेगाने फिरत असे. खालून तिसऱ्या ओळीतल्या एका लहानशा चित्रापाशी तेवढे ते थांबे. त्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात, हिरवट काळ्या पाण्यात, तांदळाच्या दाण्याएवढा एक माणूस होता आणि त्याचा एक हात वर होता. तो तिचा बाप, असे ती समजत असे. तिच्यापाशी त्याची दुसरी कोणतीही तसबीर नव्हती, थडगे तर नव्हतेच.

आमच्या बंदरावरची घरे उंच आणि अरुंद आहेत. ती डोंगराला पाठ लावून उभी असल्यामुळे समुद्राकडचे दार तळमजल्यावर आणि गल्लीकडचे दार चौथ्या मजल्यावर असते. देल्फिना चौथ्या मजल्यावर एकटी राहत असे आणि फक्त वरचे दार वापरत असे. पाव वरच्या गल्लीतल्या बेकरीतून, भाजी स्टेशनाजवळून, मासळी शेजारणीकडून. ज्या धक्क्यासाठी बाहेरचे लोक गाडीभाडे भरून आमच्याकडे येतात, तो धक्का तिच्या घराखाली चाळीस पावलांवर होता आणि वर्षानुवर्षे तिने त्यावर पाऊल ठेवले नव्हते. कारण धक्क्यावरच्या दोरखंडांच्या खांबापाशी एक बाक होता आणि त्या बाकावर जेरोलामो फिगारी बसत असे.

या अबोल्याचे मूळ समजून घ्यायचे, तर आमच्या गावाची एक रीत आधी सांगावी लागते.

कालारोस्सा एके काळी शिडांच्या जहाजांचे गाव होते. माझ्या आजोबांच्या लहानपणी घरांपेक्षा जहाजे जास्त होती, असे म्हणत. मोजून कोणी पाहिले नसेल, पण धक्क्याला लागलेल्या डोलकाठ्यांमुळे खिडकीतून समुद्र दिसत नसे, हे अनेकांच्या तोंडून मी ऐकले आहे. समुद्रात मरता मरता जो वाचला, त्याने वरच्या चर्चमधल्या मरियममातेला चित्र वाहायचे. चित्रात जहाज, वादळ आणि ढगात माता असायचीच. मात्र तेवढ्याने आमचे भागत नसे. वाचलेल्या माणसाने आधी पाद्रीबुवांसमोर पवित्र ग्रंथावर हात ठेवून जबानी द्यायची: जहाजावर कोण होते, कोण कुठे उभे होते, कोण कसा गेला. ती जबानी वहीत उतरवली जायची, चित्रकाराने तिच्याबरहुकूम माणसे काढायची आणि चित्र टांगण्याच्या दिवशी प्रार्थनेनंतर नावे वाचली जायची. एकेक नाव वाचले, की त्या घरातल्या कोणीतरी पुढे येऊन चित्रातल्या आपल्या माणसावर बोट ठेवायचे. ज्यांची प्रेते सापडत नसत, त्यांच्या घरच्यांना निरोपासाठी एवढीच जागा होती. जबानी देणाऱ्याला मागाहून काही आठवले, तर त्याने पुन्हा शपथेवर सांगायचे आणि पाद्रीबुवांच्या परवानगीने चित्र दुरुस्त करायचे. असे क्वचित घडे, पण घडे. म्हणून आमच्याकडे ही चित्रे कोणी चित्रे म्हणून बघत नाही. ती साक्ष म्हणून वाचली जातात.

या रीतीत एक अन्याय आहे आणि तो इतका उघडा आहे की गावात कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. भिंतीवरचे प्रत्येक चित्र परत आलेल्याचे आहे. जे जहाज सगळ्यांना घेऊन बुडाले, त्याचे चित्र नाही; कृपाच झाली नाही, तर आभार कशाचे मानणार? बुडालेल्याला या भिंतीवर यायचे, तर कोणीतरी वाचावे लागते आणि त्या वाचलेल्याला तो आठवावा लागतो. मेलेल्यांच्या स्मृतीची मालकी अशी जिवंतांकडे जाते आणि जिवंतांना तिचे ओझे पेलतेच असे नाही.

आन्नेत्ता हे शेवटच्या काळातले, शीड आणि इंजिन दोन्ही असलेले मालवाहू जहाज होते. १९५३च्या नोव्हेंबरात सार्डिनियाहून मीठ घेऊन येताना कॉर्सिकाच्या वरच्या टोकाजवळ ते नैर्ऋत्येच्या वाऱ्यात सापडले आणि बुडाले. सात जण होते. माल ठेवायच्या कोठाराच्या झाकणाच्या फळीला धरून एक दिवस आणि एक रात्र तरंगणाऱ्या एकाला फ्रेंच मच्छीमारांनी उचलले. तो बावीस वर्षांचा जेरोलामो. इंजिनावरचा माणूस बार्तोलोमेओ राझेतो; त्याची मुलगी देल्फिना तेव्हा नऊ वर्षांची होती.

जेरोलामो पुन्हा समुद्रावर गेला नाही. घरांच्या दर्शनी भिंती रंगवणाऱ्या एका कारागिराकडे तो कामाला लागला. आमच्याकडे हा मोठा धंदा आहे. इथल्या दर्शनी भिंतींवरच्या निम्म्या खिडक्या रंगवलेल्या असतात. झडपा, चौकट, कट्ट्यावर वाळत घातलेला पंचा, सगळे रंगाचे, मागे सलग भिंत. पाहुणे फोटो काढतात आणि घरी गेल्यावर त्यांना कळते, की निम्म्या खिडक्या खोट्या होत्या. पुढच्या वर्षी जुलैत जेरोलामोने आपले नवसाचे चित्र टांगले.

त्या दिवशी नऊ वर्षांची, आता दहावे लागलेली देल्फिना आईच्या झग्याला धरून उभी होती. पाद्रीबुवांनी नावे वाचली. कप्तानाची बायको पुढे झाली, तिने सुकाणूजवळच्या माणसावर बोट ठेवले. मग दुसरी, तिसरी. बार्तोलोमेओचे नाव आले, तशी देल्फिनाची आई पुढे गेली. तिचे बोट चित्रावर फिरले, पुन्हा फिरले. डेकवर पाच माणसे होती, फळी धरलेला सहावा जेरोलामो. सातवा नव्हता. चित्रकार मागून म्हणाला, "इंजिनाचा माणूस खाली असतो, बाई. जहाजाच्या पोटातला माणूस कसा दाखवू?" आईने हात मागे घेतला आणि ती बाहेर निघून गेली.

तीन आठवड्यांनी कोणीतरी येऊन सांगितले, की चित्रात सातवा माणूस आला आहे. आई वर गेली. पाण्यात एक माणूस होता, हात वर केलेला, जेरोलामोच्या फळीपासून बोटभर अंतरावर.

आमच्या गावातल्या कोणत्याही बाईने जो अर्थ लावला असता, तोच तिने लावला. दुरुस्ती झाली होती. म्हणजे आधीची जबानी खोटी होती. तिचा नवरा खाली नव्हता, पाण्यात होता, फळीजवळ होता, हात मागत होता. आणि फळीवरच्याने हात दिला नव्हता. त्याला आता ते सहन होईनासे झाले आणि त्याने कबुली दिली. आई भांडली नाही. तिने पाद्रीबुवांना काही विचारले नाही. पाद्र्यापाशी गुप्तपणे दिलेल्या कबुलीविषयी त्याला विचारायचे नसते. समोरून जेरोलामो आला की ती रस्त्याची बाजू बदलू लागली. एकोणीसशे एकोणसत्तर साली ती गेली, तेव्हा घर, किल्ल्या आणि रस्त्याची बाजू बदलण्याची सवय या तिन्ही गोष्टी देल्फिनाकडे आल्या.

ती निर्दय नव्हती. चर्च बघायला येणाऱ्यांना ती गावाचा इतिहास नेमका आणि कंटाळा न करता सांगे. धक्का कोणी बांधला, आगबोटी आल्यावर जहाजमालक कसे बसले, कोणत्या चित्रातले जहाज कोणत्या बेटापाशी फुटले. आन्नेत्ताच्या चित्रापाशी आल्यावर ती म्हणे, "सात जण होते. एक वाचला." कोणी विचारले, "हा हात वर केलेला कोण?" तर ती म्हणे, "इंजिनावरचा माणूस." त्यापुढे ती बोलत नसे. लग्नाची दोन स्थळे आली होती, दोन्ही खलाशांची. तिने नको म्हटले आणि मग कोणी विचारायचेही थांबले. संध्याकाळी तिच्या खिडकीत दिवा दिसे. त्याच भिंतीवर, दिव्याच्या शेजारी, एक रंगवलेली खिडकी होती, अर्धवट उघड्या झडपेची. ती समुद्रावरूनच नीट दिसे आणि देल्फिना समुद्रावर कधी गेली नसल्यामुळे तिने ती धड पाहिली नव्हती. ती जेरोलामोने एकसष्ट साली रंगवली होती. घरमालकाने काम दिले होते. देल्फिनाच्या आईला कोणी विचारले नव्हते.

२००३च्या वसंतात प्रांताच्या कचेरीने जुनी चित्रे साफ करून घेण्यासाठी जेनोवाहून एक बाई पाठवली. लाव्हिनिया तेर्रिले तिचे नाव; वय पस्तिशीचे, हात सतत औषधांच्या वासाचे. चर्चच्या मागच्या खोलीत तिने टेबल मांडले. देल्फिनाने पहिले आठ दिवस तिच्यावर पहारा ठेवला.

"अहो सिन्योरा, बसा तरी," लाव्हिनिया एकदा म्हणाली. "पळवून नेईन असं वाटतंय का तुम्हाला? यातलं एकही चित्र माझ्या गाडीत मावणार नाही."

"लहान आहेत त्यातली पुष्कळ मावतील," देल्फिना म्हणाली.

"मग तुम्ही गाडी बघून आलात तर."

"बघितली. मागचं दार बांधून ठेवलंय तुम्ही, दोरीनं."

लाव्हिनिया हसली आणि त्या दिवसापासून देल्फिना तिला दुपारी रव्याची खारी रोटी आणून देऊ लागली.

मेच्या अखेरीस आन्नेत्ताचे चित्र टेबलावर आले. लाव्हिनियाने भिंगातून बराच वेळ पाहिले आणि मग देल्फिनाला जवळ बोलावले.

"हा माणूस बघा. पाण्यातला."

"रोज बघते."

"हा चित्रकाराचा नाही."

"माहीत आहे. दुरुस्ती आहे ती. सगळ्या गावाला माहीत आहे. जबानी बदलली की चित्रकाराला परत बोलावतात."

"तेच सांगतेय, सिन्योरा. चित्रकाराला कोणी बोलावलं नव्हतं. हा त्याचा हात नाही. त्याची माणसं बघा, सगळ्यांना गुडघे आहेत. याला गुडघेच नाहीत, हा हात कोपरात वाकतच नाही. आणि रंग चित्राचा नाही. झडपांना लावतात तो आहे, हिरवा, त्यात काळा घातलाय. वार्निशच्या वरून बसलाय नुसता."

देल्फिनाने भिंग घेऊन स्वतः पाहिले.

"मला नियमानं विचारायला लागतं," लाव्हिनिया आवाज उतरवून म्हणाली. "मागाहून कोणी परवानगीशिवाय काढलेलं असेल, तर आम्ही ते काढून टाकतो. पण चर्चनं किंवा घरच्यांनी लेखी दिलं, की हे राहू द्या, लोकांची श्रद्धा आहे, तर हात लावत नाही. एक ओळ पुरते. शुक्रवारपर्यंत द्या. पुढच्या आठवड्यात मी काच बसवणार."

त्या दिवशी सोमवार होता.

देल्फिनाने ती एक ओळ तिथल्या तिथे लिहून दिली असती तर गोष्ट संपली असती. कागद तिच्यापुढे होता. तिने लिहिली नाही. ती पाद्री एमिलिओंकडे गेली आणि जबान्यांची वही मागितली. पाद्री एमिलिओ बारा वर्षांपूर्वी गावात आलेले; वही त्यांनीही उघडली नव्हती.

"पन्नास वर्षं किल्ल्या तुझ्याकडे नि तुझ्या आईकडे," ते कपाट चाचपत म्हणाले, "आणि आज हिला वही हवी. काय शोधायचंय?"

"दुरुस्ती."

वहीत दुरुस्ती नव्हती. १९५४च्या पानावर जुन्या पाद्रीबुवांच्या तिरप्या अक्षरात एकच जबानी होती आणि तिच्याखाली जेरोलामोची सही. देल्फिनाने उभ्यानेच ती वाचली. इंजिनाच्या खोलीत आम्ही दोघे होतो, मी आणि बार्तोलोमेओ राझेतो. त्याने मला वर पाठवले. मी वर आलो तेव्हा लाट आली. तो खालीच राहिला. पुढे कोणतीही ओळ खोडलेली किंवा वाढवलेली नव्हती.

तिची आई अशी वही आहे हे जाणत होती. देल्फिना जाणत होती. दोघींपैकी कोणी ती मागितली नाही, कारण साक्ष भिंतीवर होती आणि जिथे साक्ष डोळ्यांनी दिसते तिथे लिहिलेले कोण वाचते! इतकी वर्षे त्यांनी चित्रावर विश्वास ठेवून माणसावरचा काढून घेतला होता. ही चूक परगावच्या माणसाकडून झाली नसती. त्याने चित्राला चित्र म्हटले असते.

मंगळवारी आणि बुधवारी देल्फिना नेहमीसारखी वर गेली आणि खाली आली. तिने मला नंतर सांगितले, की त्या दोन दिवसांत तिला भीती एका गोष्टीची वाटत होती. तो माणूस खोटा निघाला, तर ती रोज सकाळी पाहत होती ते काय होते? आणि तो खरा ठरवायचा, तर एका म्हाताऱ्याला मरेपर्यंत, आणि मेल्यावरही, भिंतीवर गुन्हेगार म्हणून ठेवायचे. त्या एका ओळीच्या कागदावर या दोन गोष्टी होत्या आणि तिसरी नव्हती.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता ती घराच्या खालच्या दाराने बाहेर पडली. कुलूप इतके गंजले होते की तेल घालावे लागले.

धक्क्यावर पाहुण्यांना बेटापर्यंत नेणाऱ्या नावा सुटायच्या होत्या. नावाडी निक्को बोत्तारो आपल्या नावेत उभा राहून तिकिटे फाडत होता. त्याने तिला पाहिले आणि त्याचे हात थांबले.

"आज वरच्या चर्चला सुट्टी काय?" तो म्हणाला. "का माउलीच खाली आली मासे घ्यायला?"

"तुझे मासे माउली काय, मांजर खाणार नाही," देल्फिना म्हणाली.

शेजारच्या नावेतला हसला. "निक्को, तिकीट दे की तिला. साठ वर्षांची होत आली, अजून नावेत पाय नाही टाकला."

"घेणार नाही ती. बुडेन म्हणते."

"तुझ्या नावेत बसून बुडणं म्हणजे लाजच की," देल्फिना म्हणाली आणि पुढे गेली. मागे ते गप्प झाले, कारण ती कुठे जात होती ते त्यांना आता दिसले होते.

जेरोलामो बाकावर बसला होता. बहात्तरीचा, वाळलेला, नखांच्या कडांना अजून रंग असलेला. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्याने टोपी काढली आणि मांडीवर धरली. आमच्याकडे मुले म्हाताऱ्या खलाशांना बार्बा म्हणतात, काका म्हणावे तसे. देल्फिना नऊ वर्षांची असताना त्याला, तो जेमतेम बावीसचा असूनही, बार्बा म्हणत असे. बाप तसे म्हणायला लावत असे आणि हसत असे.

"बार्बा," ती म्हणाली, "पाण्यातला माणूस तुम्ही काढलात?"

"हो," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. दुपारी गेलो. पाद्रीबुवा झोपले होते. झडपांचा रंग होता डबीत, तोच."

"का?"

"तुझी आई," तो म्हणाला. "ती बोट पुढे करून उभी होती. सगळ्यांनी ठेवलं, तिला ठेवायला जागा नव्हती. मी मागे उभा होतो, मला दिसत होतं. बोट नुसतं फिरत होतं, देल्फी. मला ते तीन आठवडे दिसत राहिलं. तेव्हा उस्ताद मला खिडक्या काढायला शिकवत होता, जिथे नाही तिथे. म्हटलं, खिडकी काढता येते तर माणूस का नाही. मला माणसं काढता येत नाहीत."

"गुडघे नाहीत त्याला."

"पाण्यात काय दिसतात गुडघे?"

ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये एका माणसाची जागा राहिली.

"आणि हात वर का काढलात?"

"तो दिसावा म्हणून. हात नसता तर तुझ्या आईला वाटलं असतं, ओंडका आहे." त्याने टोपी उलटी केली, सुलटी केली. "मला कळलं नाही. महिना गेल्यावर कळलं, लोक काय वाचतायत ते. तुझी आई समोरून आली आणि पलीकडे गेली. तेव्हा कळलं."

"मग बोलला का नाहीत? एका शब्दानं झालं असतं."

"काय बोललो असतो? की तो तिथे नाही? तिला म्हणायचं, बाई, तू रोज वर जातेस, तिथे कोणी नाही, माझा झडपांचा रंग आहे?" तो म्हणाला. "एकदा खाली सोडून आलो होतो त्याला. परत कोण सोडणार?"

निक्कोची नाव सुटली. पाहुण्यांनी किनाऱ्याकडे कॅमेरे वळवले होते, घरांचे, खऱ्याखोट्या खिडक्यांचे फोटो घेत.

"काय म्हणाले होते ते?" देल्फिनाने विचारले. "तुम्हाला वर पाठवताना."

"म्हणाला, जा, कप्तानाला सांग, पाणी चाकापर्यंत आलंय. आणि येताना माझी तंबाखू घेऊन ये."

"तंबाखू."

"त्याला वाटत होतं मी परत येतोय. मलाही वाटत होतं."

ती उठली. त्याने विचारले नाही, की तू आता काय करणार. तिनेही सांगितले नाही. घराकडे जाताना ती पुन्हा खालच्या दाराने आत गेली.

शुक्रवारी तिने लाव्हिनियाला एक ओळ लिहून दिली. पाण्यातला माणूस या चित्रातला नाही, काढून टाकावा. खाली बार्तोलोमेओ राझेतो याची मुलगी, अशी सही.

"नक्की ना?" लाव्हिनिया म्हणाली. "मी ते पान वाचलंय वहीतलं, पाद्री एमिलिओंनी दाखवलं. लोक काय म्हणतात तेही ऐकलं. पण हा एकदा गेला की मला परत आणता येणार नाही."

"मला माहीत आहे."

"बाहेर थांबता?"

"नाही. इथेच."

लाव्हिनियाने काडीला कापूस गुंडाळला, औषधात बुडवला आणि त्या माणसावर हलकेच फिरवला. रंग लवकर सुटला. आधी वर केलेला हात गेला, मग डोके, मग खांदे. कापूस हिरवा झाला. खाली चित्रकाराने काढलेला समुद्र होता, जसाच्या तसा, एका लाटेच्या पांढऱ्या रेघेसह. पन्नास वर्षे कोणी न पाहिलेली ती लाट आजूबाजूच्या लाटांपेक्षा स्वच्छ होती.

"हा ठेवायचा आहे का तुम्हाला?" कापूस दाखवत लाव्हिनियाने विचारले.

"नको," देल्फिना म्हणाली. मग तिने केरसुणी घेतली आणि चर्चची फरशी पुन्हा झाडली. ती सकाळी झाडून झालेली होती.

जुलैच्या पहिल्या रविवारी चित्रे परत भिंतीवर गेली. पाद्री एमिलिओंनी, वही हाताशी होती म्हणून, जुनी रीत पुन्हा करायचे ठरवले. पुष्कळ नावे अशी होती, की पुढे यायला घरातले कोणी उरले नव्हते. तिथे चर्च शांत राही आणि पाद्रीबुवा पुढचे नाव घेत. आन्नेत्ताची पाळी आली. सुकाणूजवळच्या माणसावर कप्तानाच्या नातीने बोट ठेवले. जेरोलामोचे नाव वाचले, तेव्हा तो आलेला नव्हता. मग बार्तोलोमेओ राझेतो.

देल्फिना पुढे गेली. गावातले सगळे आता पाण्याच्या कोपऱ्याकडे बघत होते, जिथे कोणी नव्हते. तिने बोट काचेवर टेकवले, डेकच्या खाली, पाण्याच्या रेषेखाली, जहाजाच्या काळ्या फळ्यांवर, जिथे चित्रकाराने काहीच काढलेले नाही. तेवढ्या जागी ते थोडा वेळ राहिले. मग ती जागेवर परत आली. त्या दिवसापासून जेरोलामोविषयी काही बोलण्यासारखे गावात उरले नाही, आणि जे पन्नास वर्षे बोलले गेले होते त्याची भरपाई कोणी केली असेही नाही; अशा गोष्टींची माफी गाव मागत नसते, फक्त विषय सोडून देते.

आता ती खालच्या दाराने ये-जा करते. बाकापाशी आली की म्हणते, "बार्बा." तो टोपीला हात लावतो. त्यापुढे दोघांमध्ये बोलणे होत नाही. इतक्या वर्षांच्या अबोल्याने त्यांच्याजवळ शब्द शिल्लक ठेवलेले नाहीत आणि जे एक सांगायचे होते ते सांगून झाले आहे. संध्याकाळी चौथ्या मजल्यावर पूर्वीसारखाच एक दिवा लागतो.

चित्रांना काचा बसल्यामुळे फडके फिरवण्याचे काम उरलेले नाही. तरी सकाळी दार उघडल्यावर ती उजव्या भिंतीपाशी जाते आणि आन्नेत्तासमोर थांबते. परवा एका पाहुण्या बाईने शेजारी उभे राहून चित्रातली माणसे मोजली आणि म्हणाली, "सहाच दिसतात. तुम्ही सात म्हणालात."

"सातच होते," देल्फिना म्हणाली. "एक खाली आहे."

बाई वाकून बघत राहिली.

"दिसायचे नाहीत," देल्फिना म्हणाली आणि पुढच्या चित्राकडे वळली.